विश्लेषण : मुंबई कायदेमंडळात विरोधी बाकावरचे डॉ. आंबेडकर... सभागृहात अडलेल्या मागण्यांचे पुढे काय झाले?

राज्यघटनेचे शिल्पकार ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ओळख शाळकरी मुलांनाही असते. पण त्याआधी जवळपास १२ वर्षे ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात होते आणि या काळात एकदाही सत्तेच्या बाकावर बसले नाहीत. शेतसारा, शाळा, बाळंतपणाची रजा, खोती, महार वतन, संपाचा हक्क असे अनेक विषय त्यांनी तिथे लावून धरले. यातील बहुतेक वेळा मतदानात किंवा समितीत त्यांचा पराभव झाला.

हे सभागृह नेमके कसे होते?

१९१९ च्या कायद्याने प्रांतांना काही अधिकार मिळाले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था, अबकारी ही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. शेतसारा, पोलीस, कायदा-सुव्यवस्था मात्र गव्हर्नरच्या हाती राहिली. हीच द्विदल राज्यपद्धती. शाळा चालवायची मंत्र्याने आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, असा हा संसार होता.

या व्यवस्थेतले पैशांचे व्यवहार आंबेडकरांइतके जाणणारा सदस्य त्या सभागृहात क्वचितच असेल. केंद्राकडून प्रांतांकडे पैसा आणि अधिकार कसे येत गेले, हाच त्यांच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधाचा विषय होता. हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी त्यांची कौन्सिलवर नियुक्ती झाली. ते निवडून आलेले नव्हते, अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून गव्हर्नरने त्यांना नेमले होते. डॉ. पी. जी. सोळंकी हे त्यांचे सहकारी नियुक्त सदस्य. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या बाजूने हात वर करील, अशी तेव्हा सर्वसाधारण अपेक्षा असे.

पहिल्याच महिन्यात काय घडले?

१८ फेब्रुवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. २४ फेब्रुवारीला ते अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले आणि थेट सरकारच्या महसुलावरच बोट ठेवले. प्राप्तिकर घेताना ठरावीक मर्यादेखालच्या कमाईला सूट मिळते, शेतसाऱ्यात मात्र तशी सोय नाही. पीक येवो न येवो, सारा भरायचाच. एक एकरवाल्या शेतकऱ्याला आणि मोठ्या जमीनदाराला दर एकच. हा कर न्याय्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

१२ मार्चला विषय होता शिक्षणाच्या अनुदानाचा. प्राथमिक शाळेत घातलेल्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी मांडला. मूल वाचायला शिकण्याआधीच गळत असेल, तर त्याच्यावर झालेला खर्चही पाण्यात जातो. दुसरा हिशेब अधिक झोंबणारा होता. सरकार दारूवरील अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते आणि शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चते. निदान लोकांकडून दारूपायी जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

या भाषणानंतर आठवड्याभरात ते महाडला होते. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. महाडचा सत्याग्रह आणि कायदेमंडळ या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात. प्रत्यक्षात एकीतून दुसरी निघाली होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. चार वर्षे झाली तरी कागदावरचा हा हक्क वापरायची हिंमत कुणाला होत नव्हती. सभागृहातला ठराव आणि गावातला पाणवठा यांच्यात केवढे अंतर असते, याचा धडा त्यांना कारकिर्दीच्या पहिल्याच महिन्यात मिळाला.

महार वतनाचा प्रश्न एवढा अवघड का होता?

बाहेरच्याला वतन म्हणजे मान वाटेल. महारांच्या बाबतीत ते गळ्यातले लोढणे होते. सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलीची रक्कम तालुक्याला नेताना सोबत जाणे, अंमलदारांच्या दिमतीला राहणे ही कामे वतनदार महाराकडे असत. हाक कधी येईल याला वेळकाळ नाही. घरातला कर्ता माणूस नसेल तर दुसऱ्या कुणी जायचे. मोबदल्यात पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन चिंधी झालेली वतनी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. बलुते देणे गावाच्या मर्जीवर होते. महारांनी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले किंवा अंगावर धड कपडे घातले, की गाव बलुते बंद करी. राबवून घेणार सरकार आणि पोटाची दोरी गावाच्या हाती, अशी ही गाठ होती.

ती सोडवण्यासाठी आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी विधेयक आणले. १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा त्यांना बदलायचा होता. बलुत्याऐवजी शेतसाऱ्यासोबत रोख पट्टी वसूल करून ती महारांना द्यावी. ज्यांना चाकरीतून सुटायचे आहे त्यांना पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्यावी. यात फुकट काही मागितलेले नव्हते. विधेयक निवड समितीकडे गेले, तिथे त्याचे रूप बदलले आणि १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले. समाजातही या प्रश्नावर एकमत नव्हते. वतन गेले तर असलेली जमीनही जाईल, ही अनेकांची भीती खरी होती, हेही नोंदवायला हवे.

इतर विषयांत त्यांची भूमिका काय होती?

जुलै १९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, त्यामुळे यातील काही भार सरकारनेही उचलायला हवा, हे आंबेडकरांनी मान्य केले. तरीही तेवढ्यासाठी कारखानदाराला मोकळे सोडायला ते तयार नव्हते. स्त्रीच्या श्रमाचा नफा मालकाला मिळतो, तर तिच्या विश्रांतीचा खर्चही त्याने द्यावा, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला. या प्रकारचा तो देशातील पहिला. नंतर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला.

सरकारने लहान शेतांचे एकत्रीकरण करण्याचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी विरोध केला. शेत लहान आहे म्हणून शेतकरी गरीब आहे, हे त्यांना पटत नव्हते. भांडवल आणि अवजारे नसताना मोठ्या तुकड्याचेही सोने होत नाही, असे त्यांनी १९१८ सालच्या एका लेखातच मांडले होते. जबरदस्तीने तुकडे जोडण्यापेक्षा सहकारी शेती करावी, हा त्यांचा पर्याय होता.

१९३७ नंतर विरोधकाची जागा कशी बदलली?

१९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धती गेली आणि प्रांतांना स्वायत्तता मिळाली. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. खुद्द आंबेडकर भायखळा-परळ भागातून जिंकले. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले होते पळवणकर बाळूंना, हिंदू संघाच्या त्या नामांकित फिरकी गोलंदाजाला. लढत चुरशीची झाली.

१७५ जणांच्या विधानसभेत काँग्रेसकडे ८६ जागा होत्या. जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर प्रांताचे पंतप्रधान झाले. (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा मुख्यमंत्री म्हणत नसत.) आता समोर ब्रिटिश अंमलदार नव्हते, लोकांनी निवडलेले आणि तुरुंगवास भोगलेले देशभक्त होते. त्यांच्यावर टीका करणे जास्त कठीण होते. मंत्र्यांनी फक्त ५०० रुपये पगार घेण्याचे ठरवले, तेव्हा देशभर कौतुक झाले. आंबेडकरांनी मात्र हा आकडा कोणत्या तत्त्वावर काढला, असे विचारले. ही भूमिका लोकप्रिय होणारी नव्हतीच.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत खोत हा मूळचा सारा गोळा करणारा मध्यस्थ, पण कुळांच्या दृष्टीने तोच मालक होऊन बसला होता. खंड, वेठ, वरकड वसुली यांनी कुळे पिचली होती. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी जमिनी पडीक ठेवून संप केला होता. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन कसणाऱ्याचे नाते थेट सरकारशी जोडावे, असे विधेयकात होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर धडकला. शिष्टमंडळ खेरांना भेटले, आश्वासने मिळाली. विधेयक काही पुढे सरकले नाही.

सर्वांत मोठा संघर्ष झाला तो सप्टेंबर १९३८ मधील औद्योगिक कलह विधेयकावर. तडजोडीची ठरलेली प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदा ठरणार होता आणि त्यासाठी कामगाराला तुरुंगवासही होऊ शकत होता. नोकरीचा करार मोडणे हा फार तर दिवाणी मामला आहे, त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मर्जीविरुद्ध राबायला लावणे, आणि त्याला गुलामीच म्हणतात, अशी मांडणी आंबेडकरांनी केली. बहुमतापुढे तिचा निभाव लागणार नव्हता. म्हणून लढा रस्त्यावर आला. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, त्यात आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी एका व्यासपीठावर होते. एरवी या दोघांचे फारसे जमत नसे. दिवसभरात काही ठिकाणी दगडफेक आणि पोलिसांचा गोळीबारही झाला. विधेयक मंजूर झाले ते झालेच.

त्याच आठवड्यात, १० नोव्हेंबरला, संततिनियमनाच्या प्रसाराचा त्यांच्या पक्षाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला. र. धों. कर्वे यांचा खटला चालवणाऱ्या वकिलाच्या पक्षाने हा विषय आणावा, यात नवल नव्हते. सभागृहाला तो नको होता.

मग या सगळ्याचा हिशेब काय?

१९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतिक सभागृहाचे काम थंडावले. १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक आणले. मान्यता मालकाच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यांचा १९३८ मधील जुनाच आग्रह.

खोती रद्द करणारा कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये झाला. तेव्हाही प्रांताची सूत्रे बाळासाहेब खेरांकडेच होती. महार वतनाला आणखी वेळ लागला. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला आणि १९५९ मध्ये लागू झाला. तोपर्यंत मूळ विधेयकाला ३० वर्षे उलटली होती आणि ते मांडणाऱ्या बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षे झाली होती.