विश्लेषण : देश आपल्याच माणसाला परदेशाच्या हवाली करू शकतो का? सावरकरांच्या खटल्यात काय झाले होते?

यवतमाळ, पुसद, वणीची कितीतरी मुले आज दुबईत किंवा अमेरिकेत नोकरी करतात. तिथे गुन्ह्याचा आरोप झालेला एखादा तरुण गावी परतला आणि त्या देशाने त्याला मागितले, तर भारत त्याला सोपवेल का? या विषयातले आपल्याकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण १९१० चे आहे, विनायक दामोदर सावरकरांचे.

लंडनमध्ये अटक कशी झाली?

२८ मे १८८३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या भगूर येथे जन्मलेले सावरकर १९०६ मध्ये कायदा शिकायला लंडनला गेले. तिथले इंडिया हाउस क्रांतिकारकांचा अड्डा बनले होते. जून १९०९ मध्ये थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबरला अनंत कान्हेरे यांनी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होते, असा सरकारचा आरोप. त्यानंतर सावरकर पॅरिसला गेले. राजकीय आरोपींना आश्रय देण्याची फ्रान्सची परंपरा होती, तरीही ते परतले आणि १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले.

हे प्रत्यार्पण होते का?

कायद्याच्या भाषेत नव्हते. प्रत्यार्पण दोन देशांत होते. इथे लंडन आणि मुंबई एकाच साम्राज्यात, आणि सावरकर त्याच राजाची प्रजा. त्यामुळे १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा लावला गेला. प्रत्यार्पणात राजकीय गुन्ह्याला जे संरक्षण मिळते, ते या कायद्यात नव्हते. अपिले फेटाळली गेली आणि १ जुलैला ‘मोरिया’ बोटीवरून त्यांची रवानगी झाली.

८ जुलैच्या सकाळी बोट फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात असताना त्यांनी शौचालयाच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली. पोहण्याचे अंतर थोडेच होते (आपल्याकडे सांगताना ते वाढत जाते), पण पाय फ्रान्सच्या जमिनीला लागले, हे महत्त्वाचे. मागून पहारेकरी ओरडत धावत होते. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि कोणत्याही न्यायाधीशापुढे न नेता बोटीवर परत दिले.

हेगला काय निकाल लागला?

कार्ल मार्क्स यांचे नातू जाँ लाँगे यांनी पॅरिसमध्ये हा प्रश्न लावून धरला. फ्रान्सने सावरकरांना परत मागितले आणि वाद हेगच्या लवाद न्यायालयात गेला. तिथे वादी-प्रतिवादी दोन सरकारे होती. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, तो मुंबईच्या तुरुंगात. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा : सोपवण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटनवर कैदी परत देण्याचे बंधन नाही. तोवर मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाने, ज्यात ज्युरी नव्हती आणि अपिलाची सोयही नव्हती, २३ डिसेंबर आणि ३० जानेवारीला दोन जन्मठेपा ठोठावल्याही होत्या. एकूण ५० वर्षे. हेगसाठी थांबावे असे मुंबईत कोणाला वाटले नाही.

४ जुलै १९११ ला ते अंदमानात पोहोचले. तिथून सुटकेसाठी केलेल्या अर्जांवर आजही वाद होतात. १९२१ मध्ये मुख्य भूमीवरच्या तुरुंगात आणि १९२४ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्धता. पूर्ण सुटका १९३७ मध्ये. पुढे हिंदू महासभेचे अध्यक्षपद, गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ मध्ये निर्दोष सुटका, २६ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत निधन.

आज नियम काय?

फ्रान्स आणि संयुक्त अरब अमिराती आपले नागरिक भारताला देत नाहीत. अमिरातीशी १९९९ चा करार दोन्ही बाजूंना लागू आहे : आपला नागरिक सोपवायचा नाही, पण खटला आपल्याकडे चालवायचा. म्हणजे दुबईहून आलेला तरुण सोपवला जाणार नाही, सुटेलच असेही नाही. अमेरिकेशी १९९७ मध्ये झालेल्या करारात मात्र केवळ नागरिक आहे म्हणून नकार देता येत नाही. भारताच्या १९६२ च्या कायद्यातही तशी सरसकट बंदी नाही. आधी दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होते, अंतिम निर्णय केंद्राचा. राजकीय गुन्ह्यासाठी कोणाला सोपवता येत नाही. खून आणि खुनाला मदत हे आरोप मात्र १९९३ च्या दुरुस्तीनंतर राजकीय मानले जात नाहीत. सावरकरांवर त्यातला दुसरा आरोप होता.