परदेशी शिकायला गेलेले बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारताची घटना तयार केली, हे आपल्या शाळेत पहिलीच्या पोरालाही ठाऊक आहे. पण तेही एकदा मोठ्या शहरात नवखे विद्यार्थी होते, हे फारसं कोणी सांगत नाही. आपल्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच आहेत. यंदा आम्ही सातवीची मुलं-मुली बाहेर पडणार. कोणी तालुक्याला जाईल, कोणी छत्रपती संभाजीनगरला होस्टेलात राहील. म्हणून मी या अंकासाठी हाच विषय घेतला.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. मुलांच्या अभ्यासावर त्यांची करडी नजर असे. आई भीमाबाई बाबासाहेबांच्या लहानपणीच वारल्या. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना इतर मुलांपासून लांब, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावायची बंदी होती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तहानलेलंच राहायचं.

तरीही ते शिकले. १९१२ साली बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, आणि जुलै महिन्यात बाबासाहेब बोटीने अमेरिकेत न्यूयॉर्कला पोचले. तेव्हा त्यांचे वय होते २२ वर्षे. त्या शहराची वस्ती त्या वेळीच सुमारे ४८ लाख होती. विचार करा, आपल्याला तालुक्याच्या बाजारात चुकायची भीती वाटते!

कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली, पण तिथलं जेवण काही मानवेना. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही दोस्ती जन्मभर टिकली. १९२० साली बाबासाहेब लंडनला शिकायला निघाले, तेव्हा याच नवलने त्यांना पाच हजार रुपये उसने दिले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना जात कोणी विचारली नाही. सगळ्यांबरोबर एका टेबलाशी बसून जेवायचं, एका बाकावर बसून शिकायचं. गोणपाटावर बसलेल्या मुलाला हे केवढं वाटलं असेल! पहिले काही महिने हिंडण्याफिरण्यात आणि खेळात गेले. पण लवकरच ते सावध झाले. मुंबईला रमाबाई आणि घरची माणसं कशी दिवस काढत असतील, हा घोर होता. शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा काढून ते घरी पैसे पाठवत. दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास करत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. प्रा. जॉन ड्यूई, प्रा. सेलिग्मन असे मोठे गुरू त्यांना लाभले. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींवर त्यांनी तिथे निबंध वाचला.

पण १९१७ साली एवढे शिकून ते बडोद्याला नोकरीवर आले, तर जातीमुळे राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका ठिकाणी उतरले, तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परक्या देशात खोली मिळाली, आपल्या देशात नाही! पुढे १९३४ साली ते आपल्या दौलताबादला आले होते. किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर त्यांच्या मंडळींनी हातपाय धुतले, म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहताना पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. आपण तिथे सहलीला जातो तेव्हा हे लक्षात ठेवलं पाहिजे.

बाबासाहेब हे दुःख कुरवाळत बसले नाहीत. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या परिसराला बाबासाहेबांनी नागसेनवन नाव दिले. तिथे वसतिगृहही झाले. मराठवाड्यातली गोरगरिबांची मुलं पत्र्याची पेटी घेऊन तिथे आली, राहिली आणि शिकली. नवख्या विद्यार्थ्याला पुस्तकाआधी खोली, दोन वेळचं जेवण आणि एक सोबती लागतो, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच, मला वाटते, त्यांना आमची गरज कळली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. १९९४ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

वर्गमित्रांनो, शहरात गेल्यावर पहिले काही दिवस करमणार नाही, जेवण गोड लागणार नाही. तरी पळून यायचं नाही. एक चांगला मित्र जोडायचा आणि पुस्तक धरायचं. आणि इथे जमलेल्या आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, की मुलगी आहे म्हणून तिची शाळा सातवीतच थांबवू नका. तिचीही पेटी भरून द्या.