उशिरा आलेली उत्तरं

मैंदर्गीतून दुधनी स्टेशन गाठलं की रेल्वेच्या एका बाजूला गुलबर्गा आणि दुसऱ्या बाजूला सोलापूर, दौंड ओलांडून केडगाव. पुण्याला कॉलेजला जाणारी आपल्याकडची पोरं केडगाव आलं की बॅगा आवरायला लागतात, बाहेर कोण बघतंय! पण या लोहमार्गावरच्या केडगावात एका बाईनं आयुष्याचा मोठा भाग ओतला. घरात मराठी, बाहेर कन्नड हे मैंदर्गीकरांना नवं नाही, तिलाही नव्हतं. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात त्या भेटतात त्या समाजसुधारक म्हणून. त्यांच्या आयुष्यातला प्रार्थनेचा भाग आपण गुपचूप वगळतो. खरं तर तो वगळला तर गोष्टच कळत नाही.

जन्म २३ एप्रिल १८५८, पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा नवस, दानधर्म आणि अनुष्ठानात गेला. मजुरी करणं पुराणिकाच्या घराला कमीपणाचं वाटे, त्यामुळे हातपाय हलवायचे सोडून घरचे देवाच्या उत्तराची वाट बघत राहिले. उत्तर आलं नाही. आई, वडील, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हे दोघं पायी हजारो मैल तुडवत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढं १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी लग्न, नि फेब्रुवारी १८८२मध्ये ते पटकीनं गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, मुलगी मनोरमा दहा महिन्यांची.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता गोष्ट सिनेमातली असती तर नव्या श्रद्धेबरोबर सगळं सुरळीत झालं असतं. झालं उलटंच. कान अधू होत गेले आणि डॉक्टरकीचा रस्ता बंद झाला. कान पुढं आयुष्यभर अधूच राहिले. या माणसाच्या श्रद्धेबद्दल बोलताना ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण ज्यांना मागितलं ते मिळालं त्यांच्याच कथा आपल्याकडं जास्त फिरतात.

बरं, श्रद्धा म्हणजे मान डोलावणं असंही त्यांचं नव्हतं. बाप्तिस्मा दिलेल्या चर्चच्या सिस्टरांशीही त्या सिद्धान्तांवरून पत्रांतून कडाडून भांडल्या. स्वतःला पटल्याशिवाय त्या कुणाचंच ऐकत नसत.

११ मार्च १८८९ला मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं. अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षं पैसे द्यायचं ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी शाळा पुण्याला आली. १८९३मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. केसरीनं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना दार उघडं ठेवूनच चालू ठेवली. दहा वर्षांनी पैसे थांबतील हे ओळखून केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. देवावर भरवसा असणारी बाई शेतीचा हिशोबही करत होती, हे मला फार आवडतं.

१८९६मध्ये लोणावळ्याच्या एका प्रार्थना शिबिरात त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. रमाबाईंनी देवाकडं पंधराचा वर्ग मागितला. म्हणजे २२५! तेवढ्या मुली तर शाळेतही नव्हत्या. आणि मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडं गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. वर्षभरात आकडा गाठला गेला.

इथं थोडं अडखळायला होतं. हजारो माणसं मरतायत, त्याला कुणाच्या प्रार्थनेचं उत्तर म्हणायचं? मला नाही म्हणवत. पण रमाबाई स्वतः दुष्काळातल्या पोर होत्या. आईवडील वाट बघत बघत कसे संपले ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून यावेळी त्या बसून राहिल्या नाहीत. मागायचं देवाकडं आणि तिकीट काढायचं आपण, असा काहीसा मामला. पाठोपाठ १८९९-१९००चा दुष्काळ आला. केडगावच्या मुक्तीमध्ये तेव्हा १९००च्या आसपास माणसं होती. विहिरी संध्याकाळी तळाला जायच्या आणि सकाळी पुन्हा पुरेसं पाणी असायचं, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

१९०५च्या जानेवारीत त्यांनी मुलींना आत्मिक जागृतीसाठी रोज एकत्र प्रार्थना करायला सांगितलं. सत्तर जणी आल्या. महिने गेले, काही घडलं नाही. पण गर्दी वाढतच गेली आणि जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस ती जागृती आली, नि इतकी की मुली रडतायत, आपल्या चुका कबूल करतायत, मोठमोठ्यानं प्रार्थना करतायत. बातमी परदेशात गेली, टीकाही झाली.

याच सुमारास त्यांनी शेवटचं मोठं काम हातात घेतलं. मराठी बायबल होतं, पण खेड्यातल्या बाईला ते जड जाईल असं त्यांना वाटे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. टाइप जुळवणं, छापणं मुक्तीतल्या मुलींनीच शिकून घेतलं. १९१३मध्ये नवा करार निघाला. जुना करार बाकी होता.

मनोरमाबाई आता आईचा उजवा हात झाल्या होत्या. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आल्या, शारदासदन सांभाळलं आणि निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यात मुलींची शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. आपल्यामागं मुक्ती हीच चालवणार, असं रमाबाईंनी धरलं होतं. मनोरमाबाईंची तब्येत ढासळत गेली. २४ जुलै १९२१ला त्या मिरजेत वारल्या. वय चाळीस.

त्यानंतर रमाबाईंनी प्रार्थना बंद केली नाही आणि प्रुफंही बाजूला ठेवली नाहीत. स्वतःचीही तब्येत बिघडली होती. काम पुरं व्हायला देवाकडं थोडेच दिवस मागितले होते, असं सांगितलं जातं. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४मध्ये.