आवाजाची वाट शोधणारा गेलेन

मनुष्याचा आवाज हृदयातून निघतो की मेंदूच्या आज्ञेने, हा प्राचीन ग्रीक-रोमन जगातील मोठा वाद होता. आवाज छातीतून वर येतो, म्हणून वाणी आणि विचार यांचे स्थान हृदयच, असे स्टोइक तत्त्वज्ञ मानत. हा वाद प्रयोगाच्या कसोटीवर आणणारा वैद्य म्हणजे गेलेन. युनानी वैद्यकाच्या परंपरेत तो जालिनूस या नावाने ओळखला जातो.

गेलेनचा जन्म इ.स. 129मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील पर्गामम या नगरात झाला. वडील निकॉन वास्तुविशारद होते. त्यांना पडलेल्या एका स्वप्नामुळे मुलगा वैद्यकाकडे वळला. स्मर्ना, कोरिंथ आणि अलेक्झांड्रिया येथे शिक्षण घेऊन तो 157मध्ये मायदेशी परतला आणि ग्लॅडिएटर योद्ध्यांचा वैद्य झाला. त्यांच्या खोल जखमांनी त्याला शरीररचनेचे धडे दिले.

162मध्ये तो रोमला गेला. तेथे विद्वानांसमोर तो जिवंत डुकरावर प्रयोग करी. डुकराचे ओरडणे मोठे, म्हणून त्याची निवड. स्वरयंत्राकडे जाणारे बारीक मज्जातंतू दोऱ्याने आवळताच प्राणी मुका होई आणि दोरा सैल करताच पुन्हा ओरडू लागे. अशाच एका सभेत, इंद्रियांच्या साक्षीवर विश्वास ठेवावा काय, अशी शंका एका तत्त्वज्ञाने आरंभीच काढली, तेव्हा गेलेन संतापून निघून गेला. पुढे हा प्रयोग त्याने इतर जाणकारांना करून दाखवला.

हे मज्जातंतू मेंदूकडून येतात, स्वरयंत्राला ओलांडून छातीत उतरतात आणि तेथून वळून पुन्हा गळ्याकडे चढतात, हे त्याने नोंदवले. डावा तंतू तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून, कप्पीवरून दोर फिरावा तसा वळतो. गळ्याच्या गाठी काढताना वैद्याच्या हातून हा तंतू दुखावून अर्धा आवाज गमावलेल्या एका मुलाची हकीकतही त्याने लिहून ठेवली आहे.

पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसने त्याला पाचारण केले. 192च्या रोममधील आगीत त्याचे अनेक ग्रंथ भस्मसात झाले, तरीही तो लिहीत राहिला. माणसाचे शवविच्छेदन त्याला करता आले नाही, त्यामुळे प्राण्यांवरून काढलेले त्याचे काही निष्कर्ष चुकले. रक्ताभिसरणाविषयीची त्याची समजूत तर हार्वेने 1628मध्ये मोडीत काढली. आवाजाची वाट मात्र त्याने दाखवली तीच खरी ठरली.

त्या वाटेवरचा धोका उघड व्हायला सतरा शतके लागली. 1897मध्ये व्हिएन्नाचे वैद्य नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी, हृदयाची माइट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांचा आवाज बसल्याचे नोंदवले. हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगून तंतूवर दाब येतो, असे त्यांचे मत होते. फुगलेली फुफ्फुसधमनी त्याला महाधमनीवर दाबते, हे नंतर ध्यानात आले. महाधमनीला आलेल्या फुगवट्यानेही हेच घडते. डावा स्वरतंतू निश्चल होतो आणि आवाज घोगरा होतो. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण भारतात आजही आढळतात. म्हणूनच तीन आठवड्यांहून अधिक बसलेल्या आवाजाची तपासणी केवळ घशापाशी थांबवून चालत नाही.

आवाज मेंदूच्या आज्ञेने निघतो, हे गेलेनने सिद्ध केले. पण ती आज्ञा हृदयाला वळसा घालून गळ्यापर्यंत पोहोचते. दोरा सैल होताच त्याच्या प्रयोगातला आवाज परत येई. रुग्णाच्या तंतूवरील दाबही वेळेत दूर झाला, तर कधीकधी गेलेला आवाज परततो. फार उशीर झाला, तर तो परतेलच असे नाही.