जॅकार्डचा माग आणि हॅस्केलमधला लुआ

आमच्या येवल्यात काही हातमागांवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते. तिला सगळे जॅकार्ड म्हणतात. हे एका माणसाचं नाव आहे, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

जोसेफ मारी जॅकार्ड यांचा जन्म १७५२ साली फ्रान्सच्या लियाँ शहरात, विणकराच्या घरी झाला. क्रांतीच्या धामधुमीत त्यांचा मुलगा लढताना गेला. त्या काळी नक्षीसाठी उभे धागे ओढायला मागावर वेगळा पोरगा लागे. वोकान्सों वगैरेंच्या जुन्या कल्पना जोडून त्यांनी १८०४ च्या सुमारास आपलं यंत्र उभं केलं. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. नक्षी बदलायची तर पुठ्ठे बदला, माग तोच. पोटावर पाय येईल म्हणून विणकर चिडले. नेपोलियनच्या सरकारने मात्र पेन्शन दिली. १८३४ मध्ये ते वारले. विणकरांची ती भीती येवल्यात समजावून सांगावी लागत नाही.

आता पॅनडॉक बघा. तो लिहिलाय हॅस्केलमध्ये, पण त्याच्या पोटात लुआचा इंटरप्रिटर आहे. लुआची छोटी फाईल दिली की दस्तऐवज हवा तसा बदलतो. हॅस्केल पुन्हा कम्पाईल करावं लागत नाही. हॅस्केल म्हणजे माग, लुआ म्हणजे पुठ्ठा.

मर्यादाही सारखीच. ज्या धाग्याला हूक बांधलेला नाही, तो कुठलाच पुठ्ठा उचलू शकत नाही. तसंच हॅस्केलची जी फंक्शन्स आपण लुआच्या हाती देतो, तेवढीच स्क्रिप्टला बोलावता येतात. म्हणून इंटरप्रिटर बसवण्याआधी हूक कुठे बांधायचे ते ठरवा.