लक्ष्मीबाईंनी घेतलेला वेळ

सोलापूरहून पंढरपूर दोन तासांच्या आत गाठता येते. १८९५ सालानंतर त्याच पंढरपुरात, बहिणीच्या घरी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक बाई राहायला आली. पदरात लहान मुलगा होता. नवरा जिवंत होता आणि तिच्यावर त्याचा जीव होता, तरीही लोक तिच्याकडे विधवेकडे पाहावे तसे पाहत. तिच्या नवऱ्याने धर्म बदलला होता.

ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून त्यांनी मराठीला तिचे एक अजोड आत्मचरित्र दिले. पण तेव्हा त्यांना लिहिण्याचा सराव नव्हता, जोडाक्षरे अडत होती. चंद्रभागेच्या काठी राहणाऱ्या त्या दुःखी बाईसमोर एकच प्रश्न होता. ज्या माणसाशी लग्न झाले तो एका धर्मात आणि आपण दुसऱ्या धर्मात, तर आपण नेमके कोणाचे?

रमजानच्या महिन्यात ईमान हा शब्द वारंवार कानावर येतो. माणूस एखादी श्रद्धा का धरतो आणि का सोडतो, हे पाहायचे असेल तर टिळकांच्या घराइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्या एका कुटुंबात श्रद्धेच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा एकत्र नांदल्या.

भीतीतून आलेले सोवळे

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिली. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरात कोणालाच उसंत राहिली नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय चालत नसे, मग ती मिठासारखी पाण्यात विरघळणारी का असेना. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, यावर दिवस ठरे.

या माणसाला ढोंगी म्हणता येत नाही. लोकांना दाखवण्यासाठी त्यांचे सोवळे नव्हते. जगाने एकदा भयंकर रूप दाखवले होते. आता निदान आपला उंबरा तरी स्वच्छ ठेवू, मग काही वाईट आत येणार नाही, अशी ती धडपड असावी. भ्यालेले मन नियमांना घट्ट धरून ठेवते. असे नियम हिंदू घरात असतात, मुसलमान घरात असतात, ख्रिस्ती घरातही असतात. घरातल्या लेकरांना मात्र अशा धर्मातून देव भेटत नाही, भेटतो तो धाक. लक्ष्मीबाईंनी पुढे वडिलांचे हे वेड हसत हसत लिहिले आहे. त्या हसण्यामागे एका मुलीचे सगळे बालपण आहे.

शोधातून आलेली श्रद्धा

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक १८६१ चे, कोकणातल्या करजगावचे. संस्कृतचे जाणकार, कवी आणि वक्ते होते, पण एका जागी न टिकणारे. हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या हातात जाई. नोकरी धरायची आणि सोडायची, गाव बदलायचे, घरी न सांगता निघून जायचे, हे नेहमीचेच होते.

त्यांच्या डोक्यात धर्माचा प्रश्न मात्र सतत असे. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला एकत्र आणील असा धर्म त्यांना हवा होता. आपणच असा नवा धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना 'नवा करार' वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक चिकित्सेच्या हेतूने उघडले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. आपल्याला हवे ते येथे आहे, असे त्यांना वाटले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो एका भारतीय पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला. या घटनेने त्यांना लाभ काही झाला नाही. नातेवाईक तुटले, मित्र दुरावले, बायको आणि मुलगा हातचे गेले. लोभाने धर्म बदलला, असा आरोप अशा वेळी हमखास होतो. टिळकांनी गमावलेल्या गोष्टींची यादी पाहिली की तो आरोप टिकत नाही.

तरी याला दुसरी बाजू आहे. टिळकांचा शोध प्रामाणिक होता, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. घरातल्या बाईला न विचारता त्यांनी तिचे आयुष्य उलटेपालटे केले. सत्याचा शोध घेणारा माणूस जवळच्या माणसांशी नेहमी न्यायाने वागतोच, असे नाही.

वेळ घेऊन आलेला निर्णय

लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ नवऱ्यापासून दूर राहिल्या. या काळात त्या पार खचल्या. याच काळात त्यांना कविताही सुचू लागली. टिळकांची पत्रे येत, भेटीही होत. नातलगांचे म्हणणे होते, त्याचे नाव सोडून दे. टिळकांचे म्हणणे होते, माझ्याजवळ ये. लक्ष्मीबाईंनी दोघांचे ऐकून घेतले आणि दोघांपैकी कोणाच्याही आज्ञेने धर्म ठरवला नाही.

अखेर त्या टिळकांकडे गेल्या, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. पण गेल्या त्या हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती वस्तीत राहून त्यांनी स्वयंपाक वेगळा ठेवला, पाणी वेगळे ठेवले, सोवळेओवळे पाळले. आजूबाजूच्यांना ते विचित्र वाटले असेल. टिळकांनी मात्र बळजबरी केली नाही. एकदा घाई करून पोळलेला हा माणूस या वेळी थांबायला शिकला होता. त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

पहिला बदल झाला तो जातीबाबत. एका रात्री लक्ष्मीबाईंना झोप लागेना. त्या विचार करत राहिल्या. जात देवाने केली असती तर त्याने माणसामाणसांत काही तरी खूण ठेवली असती. गाय आणि घोडा वेगळे ओळखू येतात, कावळा आणि चिमणी वेगळी ओळखू येतात. ब्राह्मण आणि महार यांच्या देहात असा कोणता फरक आहे? फरक नसेल तर ही भिंत माणसाने बांधलेली आहे. मग ती पाळायची कशाला? सकाळ होईपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे.

ज्या मुलीच्या घरी मीठसुद्धा धुतले जाई, तिने हे ठरवले. कोणी वादात हरवले म्हणून नव्हे, कोणी आमिष दाखवले म्हणूनही नव्हे. आणि जात सुटली तरी त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जात सोडणे ही एक गोष्ट आणि ख्रिस्ताला मानणे ही दुसरी, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली राहुरीला घेतला, स्वतःच्या इच्छेने. नवऱ्याच्या पाठोपाठ तोच रस्ता धरायला त्यांना पाच वर्षे लागली. त्यामुळे तो रस्ता त्यांचा स्वतःचा झाला.

तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ होता. नगर भागात माणसे अन्नावाचून मरत होती, मुले पोरकी होत होती. टिळक दारी अनाथ पोरे आणत आणि लक्ष्मीबाई त्यांना सांभाळत. घरात पैसा कधीच पुरेसा नव्हता, पण ताटे वाढत गेली. कोण कोणत्या जातीचे, हे विचारण्याचे कारण आता उरले नव्हते. रोजा सोडताना शेजारच्याच्या हातावर खजूर ठेवणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

जुने सोडले नाही

टिळकांनी धर्म बदलला, पण मायबोली आणि संतपरंपरा सोडली नाही. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनाची पद्धत चर्चमध्ये आणली. परदेशी थाटाच्या ख्रिस्ती धर्मात त्यांचा जीव रमेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट ठेवले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहिले होते, उरलेले साठाहून अधिक लक्ष्मीबाईंचे आहेत. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या तेव्हा आठवणी सांगून संपल्या नव्हत्या.

त्या पुस्तकात हिंदू नातलगांचा राग नाही आणि स्वतःच्या नव्या धर्माची फुशारकीही नाही. सोवळ्याने छळणारे वडील, न सांगता निघून जाणारा नवरा, पडत्या काळात आसरा देणारी बहीण, सगळ्यांकडे त्यांनी एकाच मायेने पाहिले आहे. आपणही एके काळी दुसऱ्या बाजूला उभ्या होतो, हे त्या विसरल्या नाहीत.

श्रद्धेत जबरदस्तीला जागा नाही, ही कुराणाची शिकवण आहे. तिचा अर्थ बऱ्याचदा दुसऱ्या धर्माच्या लोकांपुरता घेतला जातो. स्वतःच्या घरात, बायकोवर, सुनेवर, वाढत्या मुलांवर ती लागू करणे अधिक अवघड जाते. मुलगा नमाज चुकवतो, सून उपास करत नाही, मुलगी प्रश्न विचारते, तेव्हा घरातले मोठे माणूस काय करते, यावर त्या घरातली श्रद्धा पुढे टिकणार की नुसती भीती उरणार, हे ठरते. टिळकांनी नगरच्या घरात बायकोची वेगळी चूल निमूटपणे चालू दिली. ती चूल एक दिवस आपोआप एक झाली. झाली नसती, तरीही त्यांनी ती तशीच चालू दिली असती का? या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरात शोधायचे आहे.