आठ रुपयांचा हिशोब : नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपण ऐकतो. आज मी त्यांची गोष्ट सांगतो.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घरची गरिबी. ते १३ वर्षांचे असताना वडील वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडलं अन् १५ रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी देत. घरच्यांसाठी उरले किती? फक्त ७!

गोपाळला याची जाण होती. तो हाताने स्वयंपाक करी. तेल वाचावे म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले, असे सांगतात. गोपाळला वाटलं, तोच दाखवतो आहे. पण मागाहून मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने मुकाट्याने दिले. मग ते भरून निघावेत म्हणून कित्येक रात्री घरचा दिवा लावलाच नाही. दोन आण्यांत किती रात्रींचे तेल येते, हे ज्याला कळते त्यालाच पैसा कळला, असे मला वाटते.

१८८४ साली ते बी.ए. झाले. पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात ७५ रुपये पगारावर शिकवले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ शाळांत चाले.

मग त्यांनी सरकारचाच जमाखर्च तपासायला घेतला. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. आपल्या वऱ्हाडातही फार हाल झाले. तरी सरकारच्या हिशोबात शिल्लक दिसे! १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं, की ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून ती उरली. मिठाला मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ तर गरिबालाही लागतेच की नाही? त्यांनी हा विषय लावून धरला. १९०३ पासून कर उतरत गेला, अन् १९०७ साली एक रुपयावर आला.

१९११ साली त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याच्या खर्चाचा हिशोबही दिला. ते नामंजूर झाले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते पुण्यात वारले. त्यांनी मागितलेला हक्क २०१० पासून कायद्याने आपल्याला मिळाला.

आमच्या घरी सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास एकदाच येतो. तो वर्षभर पुरवावा लागतो. म्हणून रोजचा खर्च मी वहीत लिहितो. रोज बघा तर पाच-दहा रुपयेच वाटतात. महिन्याची बेरीज केली, तर त्यात दादाचा एसटीचा पास निघतो! आता चहा-पुड्याचा खर्च आम्ही सगळे मिळून ठरवतो.

मित्रांनो, तुम्हीही एक महिना लिहून पाहा. पैसा कुठे जातो ते वही बरोबर सांगते.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी